अँटेना ओके आहे म्हणतात, मग रेंज जाते कुठं?

गेल्या अंकात संपादकांनी 'मोबाइल टॉवरबद्दल विचारा' अशी चौकट छापली आणि खाली माझ्याबद्दल 'वीस वर्षं टॉवरवर' असं लिहून टाकलं. सलग वीस वर्षं टॉवरवर फक्त आग्यामोहोळ राहतं. मी २००४ साली खानापूरच्या पुढं पहिल्यांदा चढलो, तेही पोटात गोळा घेऊन. त्यानंतरची निम्मी वर्षं तरी टॉवरच्या पायथ्याशी, शेल्टरच्या, म्हणजे यंत्रांच्या खोलीच्या दारात, मांडीवर मीटर ठेवून गेली. काम एकच. अँटेनाकडं पाठवलेली ताकद खरंच बाहेर पडते, की वाटेत कुठंतरी अडखळून माघारी येते, ते बघायचं. पत्रं बरीच आली. सारखी होती ती एकत्र केली. ज्यांत फक्त कंपनीला शिव्या होत्या ती जपून ठेवली आहेत, रिटायर झाल्यावर वाचायला.

कणकुंबी रस्त्यावरच्या गावात माझं किराणा दुकान आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रेंज येते-जाते, दिवाळीनंतर सगळं झकास. दरवर्षी तक्रार केली की दोन पोरं मोटरसायकलवरून येतात, यंत्र लावतात आणि 'अँटेना ओके आहे, पाऊस आहे ना काका' म्हणून जातात. पावसानं रेंज जाते हे खरं का?
— एक दुकानदार, खानापूर तालुका

'पाऊस आहे ना काका' हे वाक्य मीही वापरलेलं आहे. संध्याकाळचे साडेपाच झालेत, रेनकोटच्या आतून पाणी चाललंय, पायाखाली चिखल आहे आणि वर चढायचं जिवावर आलंय, तेव्हा ते आपोआप तोंडात येतं.

आधी पावसाला न्याय देऊ. तुमचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर असेल तर त्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, १८०० वर असेल तर सोळा-सतरा. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. ट्रॅक्टरच्या चाकाखाली मोहरीचा दाणा यावा तसं ते आहे, चाकाला कळतही नाही. पण टॉवरवर ढोलाच्या आकाराची जी गोल डिश दिसते, तिची गोष्ट निराळी. ती एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरशी बोलते, १५ किंवा २३ गिगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यात. तिथं लहर एक-दोन सेंटिमीटरची होते आणि कणकुंबीकडचा झोडपणारा पाऊस तिला खरोखर गिळतो. याची खूण अशी की फोनवर रेंज दिसते, पण कॉल लागत नाही, नेट हलत नाही, आणि सर ओसरली की पंधरा-वीस मिनिटांत सगळं सुरळीत. तसं होत असेल तर पोरं खोटं बोलत नाहीत. जंगलातली ओली पानंही थोडी रेंज खातात, टॉवर लांब असेल तर जास्तच.

तुमचं दुखणं मात्र उघाडीतही जात नाही. चार महिने मुक्काम ठोकतं आणि दिवाळीच्या उन्हानं बरं होतं. हे पाणी हवेतलं नाही, जोडात शिरलेलं आहे.

२००९ च्या ऑगस्टमधली जांबोटीच्या बाजूची एक साईट सांगतो. टॉवर ४० मीटरचा, खाली शेल्टरपर्यंत आडवी आठ-दहा मीटर केबल. खाली मीटर लावलं तर व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे किती ताकद माघारी येते त्याचं माप, १.४. काहीच माघारी आलं नाही तर हा आकडा १ असतो. आमची मर्यादा १.५ होती. म्हणजे पास. माझ्या आधी दोनदा दुसरी टीम येऊन हाच १.४ लिहून गेली होती, सही-शिक्क्यासकट. गावकऱ्यांची तक्रार तशीच.

आता हा १.४ कसा फसवतो बघा. १८०० मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीच्या जाड फीडर केबलमध्ये जवळजवळ निम्मी ताकद वाटेतच जिरते. आमच्या भाषेत ३ डीबी. वरच्या जोडावर आपटून जे माघारी फिरतं, त्यातलंही निम्मं उतरताना जिरतं. म्हणजे खाली मीटरला जे दिसतं ते वरच्या खऱ्या परताव्याच्या एक चतुर्थांश. वर व्हीएसडब्ल्यूआर २ असेल, म्हणजे शंभरातले अकरा भाग परत येत असतील, तर खाली जेमतेम पावणेतीन भाग पोचतात आणि मीटर म्हणतं १.४. अशा केबलच्या टोकावरची अँटेना कुणी चोरून नेली तरी खाली आकडा ३ च्या पुढं जाणार नाही! केबल जितकी लांब आणि निकृष्ट, तितका रिपोर्ट चांगला. हे कळायला मला पाच वर्षं लागली होती.

म्हणून गोकाकच्या आमच्या रिगरला वर पाठवलं. त्यानं अँटेनाखालचा जंपर, म्हणजे फीडरला अँटेनाशी जोडणारा केबलचा छोटा तुकडा, सोडला, कनेक्टर उलटा करून झटकला आणि वरून ओरडला, "नीर बंदैत्री सर!" चमचाभर पाणी असेल. पण कनेक्टरच्या पोटात चमचाभर पाणी म्हणजे माणसाच्या कानात पाणी गेल्यासारखं. आतला चांदीचा मुलामा काळा पडलेला, तांब्यावर हिरवं चढलेलं. वर थेट अँटेनाला मीटर लावलं तर १.१५, अँटेना बिचारी निर्दोष. नवा जंपर टाकला, विषय संपला.

पाणी शिरलं कुठून? जोडावर टेप गुंडाळलेली होती की! पण वरून खाली. आपल्याकडची कौलं आठवा. खालच्या ओळीपासून सुरुवात करतात, म्हणजे वरचं कौल खालच्यावर चढतं आणि पाणी घसरून जातं. टेपचा शेवटचा थर तसाच खालून वर गुंडाळायचा असतो. आधी साधी टेप, मग काळी चिकट बुटाइलची, तिच्यावर पुन्हा साधी. उलटी गुंडाळली की प्रत्येक वेढा पन्हळीसारखा पाणी आत घेतो. खानापूरच्या पोरांना हे एकदा सांगितलं की पुरतं, त्यांनी घर शाकारलेलं असतं. बाहेरून आलेल्यांना दोनदा सांगावं लागतं.

याच्या उलटही बघितलंय. अँटेनाच्या बुडाला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात. एका कष्टाळू पोरानं पाणी आत जाऊ नये म्हणून तीही टेपनं बंद केली. पावसाळा संपता संपता ती अँटेना उतरवली तर घागरीसारखी डुचमळत होती.

आता नव्या टॉवरवर रेडिओची पेटीच अँटेनाच्या पाठीला बसवतात. लांब फीडर गेला, दोन-तीन मीटरचा जंपर उरला, आणि पेटी स्वतःच व्हीएसडब्ल्यूआर मोजून ऑफिसला कळवते. फसवणूक कमी झाली. पण अलार्म कुठल्या आकड्याला वाजवायचा हे माणूसच ठरवतो. तो आकडा सैल ठेवला की जोड कुजत राहतो आणि स्क्रीनवर सगळं हिरवं.

पुढच्या तक्रारीत 'रेंज नाही' एवढंच लिहू नका. पाऊस थांबल्यावर किती वेळानं रेंज आली, कॉल जात नाही की नेट, गावाच्या कुठल्या बाजूला जास्त त्रास आणि त्याच टॉवरवरच्या दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालतं का, एवढं लिहा. शेवटी एक वाक्य घाला, 'कृपया वर चढून जंपरच्या टोकाला मीटर लावावे.' हे वाचून पोरं तुम्हाला खात्यातला माणूस समजतील.

मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. टॉवरचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडं मुलाखतीत 'व्हीएसडब्ल्यूआर आणि डीटीएफमध्ये फरक काय' असं विचारलं. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. साहेब हसले आणि पुढच्याला बोलावलं. काय सांगायला हवं होतं?
— एक विद्यार्थी, टिळकवाडी

साहेब हसले कारण त्यांनाही ती व्याख्या येत नसणार. मनाला लावून घेऊ नकोस.

विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो. किती मोठा परत आला, ते व्हीएसडब्ल्यूआर. किती वेळानं परत आला, म्हणजे पाणी किती खोल, ते डीटीएफ. पहिलं सांगतं दुखणं आहे का, दुसरं सांगतं कुठं आहे. यंत्र एकच, अनरित्सूचं साइट मास्टर. हे नाव इतकं रुळलंय की दुसऱ्या कंपनीचं असलं तरी आपली पोरं त्याला साइट मास्टरच म्हणतात. ते खरं तर एकच हाक मारत नाही. पट्ट्यातल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूर चढवत जातं आणि परत आलेल्या सगळ्या सुरांवरून अंतराचं गणित मांडतं.

आकडे पाठ कर, पण अर्थासकट. व्हीएसडब्ल्यूआर १.५ म्हणजे १४ डीबी रिटर्न लॉस (माघारी येणारं पाठवलेल्यापेक्षा किती कमी, ते), शंभरातले चार भाग माघारी. १.२२ म्हणजे २० डीबी, शंभरातला एक. २ म्हणजे साडेनऊ डीबी, शंभरातले अकरा. व्हीएसडब्ल्यूआरचा आकडा लहान चांगला, रिटर्न लॉसचा मोठा चांगला. यात गोंधळलेले सीनियर मी बघितलेत.

मुलाखतीत छाप पडते ती कॅलिब्रेशनवर बोललास तर. काम सुरू करण्याआधी टेस्ट केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन तुकडे एकेक करून लावायचे, म्हणजे मीटरला स्वतःची केबल हिशोबातून वगळता येते. सकाळी गार हवेत कॅलिब्रेट केलं आणि दुपारी उन्हात मोजत बसलं तर पुन्हा करावं लागतं. घाईत हेच राहतं, आणि मग मीटर स्वतःच्याच केबलचा दोष अँटेनाच्या माथी मारतं.

दुसरी गोष्ट वेगाची. लहर केबलमध्ये हवेपेक्षा सावकाश धावते. आपल्या फोमच्या फीडरमध्ये प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ०.८८ पट, घट्ट पॉलिथीनच्या साध्या केबलमध्ये ०.६६ पट. ही संख्या मीटरला आपण सांगायची असते. चिकोडीच्या बाजूला एकदा नव्या पोरानं आदल्या कामाचं ०.६६ तसंच ठेवलं. मीटर म्हणालं बिघाड ३० मीटरवर. रिगर चढला, ३० मीटरवर जोडच नाही, अखंड केबल! तरी यानं खालून हुकूम सोडला, 'कापून बघ.' मी जेवणाचा डबा टाकून धावलो म्हणून केबल वाचली. ३० ला ०.८८ नं गुण, ०.६६ नं भाग, ४० येतात. ४० मीटरवर अँटेनाखालचा कनेक्टर, अर्धा आटा सैल. जिथं जोड नाही तिथं बिघाड दिसला तर आधी मीटरवर संशय घ्यायचा, मग केबलवर.

आणि टॉर्क पाना वापरायला शीक. जुन्या मोठ्या ७/१६ डिन कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटर, नव्या लहान ४.३-१० ला फक्त ५. जुन्या हाताची माणसं नव्याला जुन्याच ताकदीनं आवळतात आणि आटे खातात. पाना खिशात असतो, कारण हाताला सगळं कळतं म्हणे. हाताला ५ आणि ८ मधला फरक कळत नाही, माझ्याही नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून ५जी आलं. त्यातल्या बऱ्याच पेट्यांत रेडिओ आणि अँटेना एकाच खोक्यात असतात, मधे मीटर लावायला जोडच नाही. ४जी-२जीचे जोड मात्र त्याच टॉवरवर अजून लटकतायत, तुझी पाच-दहा वर्षं त्यांच्यावर निघतील.

उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. फोनवर रेंज फुल असते, समोरच्याचं मला स्वच्छ ऐकू येतं, पण माझं त्याला तुटक. संध्याकाळी त्रास जास्त, रात्री उशिरा बरं. शेजारच्या इमारतीवरच टॉवर आहे. दोनदा मीटर लावून 'सगळं परफेक्ट' म्हणून गेले.
— एक वर्कशॉपमालक, बेळगाव

परफेक्ट असेलही. मीटरला विचारलं ते त्यानं सांगितलं. त्याला विचारलेलं हे की ताकद बाहेर जाते का. जाते, म्हणून तर तुमची रेंज फुल. तुमच्या टॉवरचं तोंड नीट आहे, त्याच्या कानात गोंगाट आहे, आणि हा गोंगाट व्हीएसडब्ल्यूआरमध्ये दिसत नाही.

त्याला आमच्यात पिम म्हणतात, पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन. टॉवर एका वेळी अनेक सुरांत बोलतो. दोन सूर एखाद्या गंजलेल्या किंवा सैल जोडावर एकत्र आले की त्यातून तिसरे, न पाठवलेले सूर निघतात. गंजाचा पातळ थर दोन धातूंमध्ये डायोडसारखा वागतो, म्हणून. उदाहरण घ्या, ९०० च्या पट्ट्यात टॉवर ९३५ आणि ९६० मेगाहर्ट्झवर बोलतोय. ९३५ ची दुप्पट १८७०, त्यातून ९६० गेले, उरले ९१०. आणि फोनचं बोलणं टॉवर ऐकतो तो पट्टा ८९० ते ९१५. म्हणजे टॉवरचीच आरोळी भलत्या सुरात बदलून त्याच्याच कानात शिरते. फोनकडून येणारा आवाज आधीच क्षीण, तो त्यात बुडतो. संध्याकाळी टॉवरवर वर्दळ जास्त, म्हणून आरोळी मोठी आणि गोंगाटही मोठा. रात्री दोनला टॉवर गप्प, कान साफ. तुमच्या पत्रातल्या 'रात्री उशिरा बरं' या तीन शब्दांनी मी निम्मा निकाल लावला.

हे शोधायचं यंत्र वेगळं आणि जड. ते २० वॅटचे दोन सूर एकदम सोडतं आणि त्यातून जन्मलेला तिसरा ऐकतं. कारखान्यातून निघालेली चांगली अँटेना -१५० डीबीसीला पास होते, म्हणजे पाठवलेल्या ताकदीच्या एकावर पंधरा शून्यांतला एक भाग. एवढ्या बारीक गोष्टीला कनेक्टरमधला लोखंडाचा कीस किंवा हाताचा घामही पुरतो. यंत्र चालू ठेवून एकेका जोडाला रबरी हातोडीनं हलकं टकटक करायचं. आकडा उसळला तो जोड गुन्हेगार. यंत्रांच्या दुनियेत एवढी डॉक्टरी पद्धत दुसरी नाही.

पण उद्यमबागेत मी आधी टॉवरच्या बाहेर बघीन. काही वर्षांपूर्वी अशाच एका साईटवर सगळे जोड ठोकून झाले, आकडा ढिम्म. पिम यंत्र अंतरही दाखवतं, ते म्हणत होतं अँटेनाच्या पुढं सात-आठ मीटर. पुढं काय? हवा. आणि हवेच्या पलीकडं शेजारच्या गच्चीवर गंजलेले पत्रे आणि तारेच्या जाळीची गुंडाळी, बरोबर अँटेनाच्या तोंडासमोर. मालकाला म्हटलं पत्रे हलवा, तुमच्यामुळं अख्ख्या गल्लीचे फोन तुटतायत. त्यांना वाटलं मी भंगारवाला आहे आणि भाव पाडतोय. शेवटी आम्हीच चौघांनी ते जिन्याच्या पलीकडं नेले. आकडा त्याच मिनिटाला उतरला.

तेव्हा तुमच्या पत्र्यांकडं, जुन्या होर्डिंगच्या सांगाड्याकडं आणि सैल पन्हळीकडं एक नजर टाका. आणखी एक विचारतो, रागावू नका. आसपास कुणी बाजारातून रेंजचा बूस्टर आणून बसवलाय का? परवान्याशिवाय तो वापरणं बेकायदा आहे आणि टॉवरचे कान बंद करायला असा एक बूस्टर पुरेसा होतो. त्याचा त्रास मात्र वर्दळीप्रमाणं कमी-जास्त होत नाही, तो चालू असेपर्यंत सारखा राहतो. कंपनीला लिहिताना म्हणा, रात्री दोन आणि संध्याकाळी सात या वेळचा अपलिंकचा, म्हणजे फोनकडून टॉवरकडं येणाऱ्या वाटेवरचा, गोंगाट तपासा. ते ऑफिसात बसून बघता येतं, कुणाला चढावं लागत नाही. त्यामुळं ते बघतील अशी आशा आहे.

टॉवरची दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून शेतात विहिरीजवळून घराकडं चालत आलो की कॉल तुटतो. आधी तुटत नव्हता. दुरुस्तीनं बिघडतं का?
— एक शेतकरी, हुक्केरी तालुका

बिघडतं की! दुरुस्तीनंच जास्त बिघडतं.

टॉवरवर बहुतेक तीन दिशांना तीन अँटेना असतात, प्रत्येकीकडं गावाचा एकेक वाटा. केबल ओळखायला त्यांच्यावर तांबड्या, पिवळ्या, निळ्या टेपचे वेढे देतात. आपल्या उन्हात दोन वर्षांत तांबडं गुलाबी होतं, पिवळं पांढरं होतं आणि निळं कसलंच राहत नाही. दुरुस्तीत दोन केबली सोडल्या आणि लावताना अदलाबदल झाली की विहिरीकडची अँटेना घराकडच्या नावानं बोलायला लागते. फोन चालता चालता एका अँटेनाकडून दुसरीकडं सोपवला जातो. नावं उलटी असली की तो भलत्याच दारात उभा राहतो. यात व्हीएसडब्ल्यूआर सुंदर येतो, कारण प्रत्येक अँटेना चांगलीच आहे, फक्त दुसऱ्याची आहे.

सगळ्यात छळतं ते अर्धं अदलाबदल झालेलं. प्रत्येक अँटेनाला दोन तरी केबली असतात, त्यातली एकच बदललेली असते. रेंज दिसते पण कशातच दम नसतो. त्यावर उपाय म्हणजे फोनमध्ये सेलचा नंबर दाखवणारं अॅप टाकून टॉवरभोवती एक चक्कर मारायची. तीन दिशांना तीन वेगळे नंबर ठणठणीत यायला हवेत. ऐनापूरच्या बाजूला मी ही चक्कर एकदा उसातून मारली आहे. पानांनी हात कापून निघाले, पण दोष चाळीस मिनिटांत हातात आला. तुम्ही विहिरीजवळचा आणि घराजवळचा नंबर लिहून तक्रारीत द्या, इंजिनिअरचा एक दिवस वाचेल.

आमच्या गच्चीवर टॉवर आहे. अधूनमधून माणसं येऊन यंत्रं लावतात. तपासणीच्या वेळी किरणं जास्त सुटतात का? मी वाळवण घालायला गच्चीवर जाते.
— एक गृहिणी, निपाणी

नाही. साइट मास्टरची ताकद मिलिवॅटच्या घरातली, तुमच्या हातातला मोबाइल त्याहून जास्त सोडतो. पिमच्या यंत्राची ताकद रोजच्या टॉवरएवढी असते, पण तेव्हा तो सेक्टर, म्हणजे टॉवरची त्या दिशेची बाजू, बंद केलेला असतो आणि लहर नेहमीच्याच वाटेनं समोर जाते.

अँटेना टॉर्चसारखी समोर फेकते, थेट खाली फार कमी येतं. म्हणून तिच्या खाली पापड वाळवायला हरकत नाही, पण ती गच्चीवरच कमी उंचीच्या खांबावर असेल तर तिच्या तोंडासमोर, त्याच उंचीवर उभं राहू नका आणि शिडी लावून पोरांना चढू देऊ नका. आम्हीसुद्धा सेक्टर बंद केल्याशिवाय समोर जात नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडं मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९. दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर तुमचा टॉवर शोधता येतो.

आमचं गाव बाचीजवळ, कर्नाटकात. घरात बसल्या बसल्या फोनवर 'महाराष्ट्रात स्वागत' येतं, जिन्यावर गेलं की पुन्हा कर्नाटक. टॉवर बिघडलाय का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

बिघडलेला नाही. शिनोळी तुमच्यापासून हाकेवर, आणि तिथला टॉवर महाराष्ट्राच्या दूरसंचार मंडळातला. चोर्ला घाटाकडं गोव्याचा टॉवर लागला तरी तोही महाराष्ट्राच्याच मंडळात मोडतो, त्यामुळं रेंज मोजत फिरणारी आमची ड्राइव्ह टेस्टची गाडी एका दिवसात चार वेळा राज्य बदलायची आणि ड्रायव्हर दर वेळी 'आलं बघा स्वागत' म्हणून ओरडायचा. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. माझी नोकरीही त्याच सालातली, पण मला निदान दर महिन्याला तारीख मिळाली, पगाराची.

पलीकडचा टॉवर वाजवीपेक्षा आत येत असेल तर त्याची अँटेना थोडी खाली झुकवतात. त्याला टिल्ट म्हणतात. हल्ली ती आतल्या मोटरनं ऑफिसातून दोन-चार अंश झुकवता येते. मोटर अडकली की स्क्रीनवर ६ अंश दिसतात आणि अँटेना २ वरच असते, हा मात्र खरा बिघाड. तो ओळखायला वर चढून टिल्टची पट्टी डोळ्यांनी वाचावी लागते.

तोवर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून हातानं कर्नाटकचं निवडून ठेवा. प्रवासाला निघताना परत ऑटोमॅटिक करायला विसरू नका, नाहीतर कोल्हापूरला पोचून फोन मुका झाला म्हणून मलाच पत्र लिहाल. आणि जिन्यावरचं कर्नाटकही एखाद्या पावसाळ्यात अचानक नाहीसं झालं तर तुमच्या बाजूचा सेक्टर आजारी पडलाय. कुठल्या तारखेपासून ते कळवा, जंपरचं बघू.